टिळा लागलेला कॅमेरा

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. पुढच्या हकिकतीत तो सारखा मधे येणार आहे. तेव्हा कुणाचा असा समज नको व्हायला की ही बाई मुळात गरीब स्वभावाची होती आणि एकदाच कधीतरी तिचा तोल गेला.

माझ्याकडे सात कॅमेरे होते. सगळे जुने, फिल्मचे. काही हैदराबादच्या जुम्मेरात बाजारातल्या पथाऱ्यांवरून उचललेले, काही गाव सोडून जाणाऱ्या लोकांनी 'तुम्हाला आवड आहे म्हणून' दिलेले, एक माहेरचा. दिलसुखनगरच्या आमच्या घरात हॉलच्या कोपऱ्यात काचेचं कपाट होतं, त्यात सहा ओळीने बसलेले असायचे आणि एक तळाशी, कापडात. दुपारी चारच्या सुमाराला, चार पायऱ्या वर असलेल्या गच्चीच्या दारातून ऊन आत यायचं आणि एकेका लेन्सवरून सरकत जायचं. मी समोरच्या दिवाणावर आडवी पडून ते बघत राही. डुलकी कधी लागायची आणि ऊन कधी उतरायचं, ते मला कधीच कळलं नाही.

मग घर सोडायचं ठरलं. यांच्या गुडघ्याला तीन जिने झेपेनासे झाले होते आणि लेकीने कुकटपल्लीला तिच्याच इमारतीत आमच्यासाठी फ्लॅट बघितला. नवव्या मजल्यावर, लिफ्ट असलेला. घर बघायला गेलो त्या दिवशी तिने माझ्या हातात एक पारदर्शक डबा ठेवला. हवाबंद, झाकणाला रबर, आत ओलावा शोषणारी पुडी.

"आई, सीरियसली सांगते, एकच ठेव. त्या कपाटातली सगळी फंगस घेऊन इकडे येऊ नकोस. आणि बाकीचे कुणीतरी वापरू दे ना, नुसते बसलेत ते."

डब्यात एकच कॅमेरा मावत होता. तिने मोजूनमापूनच आणला असणार, पोरगी माझीच आहे. मला राग आला, आणि तिचं बरोबर आहे म्हणून जास्तच आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता मुलांना फिल्मवर फोटो काढायला शिकवते. तिला फोन करून सांगितलं, हा सोडून पुढच्या रविवारी ये आणि सहा कॅमेरे घेऊन जा. ती विचारत राहिली, "मॅडम, नक्की ना?" नक्की म्हटलं आणि फोन ठेवला. हातात दहा दिवस होते.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. या सात कॅमेऱ्यांना हात लावायची एका माणसाला बंदी होती. तो माणूस म्हणजे आमचे हे, आणि बंदी मी घातली होती. बावीस वर्षांपूर्वी.

आमचे हे रेल्वेत होते. सिकंदराबादला, इंजिनांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये. घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातलं, नांदेडकडचं, शेतीवाडीचं. यांच्या बोलण्यात 'हौ' आणि 'नक्को' इतकं मुरलेलं की लग्न होऊन मी पुण्याहून आले तेव्हा मला वाटलं, हे माझी थट्टा करतायत. खंडेनवमीला यांच्या शेडमध्ये मोठी पूजा असे. इंजिन धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून उभं करायचे आणि पुढच्या दिव्याखाली, बरोब्बर मधोमध, ठसठशीत टिळा लावायचे. तीच पूजा मग हे घरीही करायचे. पाटावर लाल कापड, त्यावर नटबोल्टचे पाने, पक्कड, पेचकस, विळी, माझी शिवणाची कात्री, लेकीची कंपासपेटी. स्कूटरलाही माळ. घरातल्या कुठल्याही कामाच्या वस्तूला त्या दिवशी वगळायचं नाही, असा यांचा नेम.

माझ्याकडे तेव्हा एकच कॅमेरा होता. लग्नात वडिलांनी दिलेला. इतर बापांनी मुलीला बांगड्या घातल्या असत्या. माझ्या बापाने छोटा, चंदेरी, जपानी कॅमेरा दिला आणि म्हणाले, तिकडचं सगळं मला फोटोत पाठव. मी पाठवायचे. ते गेल्यावरही कितीतरी दिवस, फोटो काढताना, हा दादांना पाठवायचा, असं मनात येऊन जायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी कॉलेजातून उशिरा आले. मी रसायनशास्त्र शिकवायचे. घाईघाईत नारायणपेठी नेसले आणि पूजेपुढे जाऊन बघते तर पाटावर माझा कॅमेरा. एरवी पूजेच्या वेळी तो माझ्याच हातात असायचा, यांनी पहिल्यांदाच तो पूजेत मांडला होता, तोही सगळ्यांच्या मधोमध, मानाच्या जागी. आणि टिळा लावला होता. पाण्यात कालवलेलं हळदकुंकू, चांगलं बोटभर, थेट लेन्सच्या काचेवर.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "हे काय केलंत?"

"टिळा लावला," हे म्हणाले. चेहरा अगदी प्रसन्न. "समोर, कपाळाला."

मी कॅमेरा उचलला, पदराने खसाखसा पुसला आणि तोंडाला येईल ते बोलले. लेक आठ वर्षांची होती, ती दारात उभी राहून ऐकत होती. शेजारच्या वहिनी प्रसादाचं ताट घेऊन आल्या होत्या, त्याही तशाच थांबल्या. तुमची इंजिनाची अक्कल माझ्या कॅमेऱ्यावर चालवू नका, मी म्हणाले. दादांची एवढी एक वस्तू होती, ती तुम्ही आंधळी केलीत, म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, यापुढे माझ्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. कधीच नाही.

"बरं," हे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात रोल धुतला. टिळ्यानंतरचा प्रत्येक फोटो धुरकट. दिव्याभोवती, खिडकीभोवती, जिथे म्हणून उजेड होता तिथे सगळीकडे धुकं पसरलेलं. मी ते फोटो यांच्या पुढ्यात टाकले आणि म्हटलं, बघा. यांनी एकेक करून सगळे बघितले, नीट जुळवून परत ठेवले. कॅमेरा मी कापडात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ढकलला. मग हळूहळू दुसरे कॅमेरे येत गेले, कपाट भरलं. आणि यांचं ते 'बरं' बावीस वर्षं टिकलं.

किती टिकलं ते सांगते. एका पावसाळ्यात हॉलचं छत गळायला लागलं. मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. यांचा फोन आला, "कपाटावर पाणी पडतंय. कॅमेरे हलवायला पाहिजेत. येतेस का?" अहो, हलवा की, म्हणायचं माझ्या मनातच आलं नाही. रिक्षा करून घरी आले तर हे हॉलमध्ये, स्टुलावर चढून, कपाटावर छत्री धरून उभे. स्वतः निम्मे भिजलेले. दीड तास. दिवाण, पुस्तकं, टीव्ही सगळं यांनी हलवलं होतं, कपाटाला मात्र बोट लावलं नव्हतं. मी आले, दार उघडलं, एकेक कॅमेरा बाहेर काढला. तेव्हा मला वाटलं होतं, चला, माणसाने शब्द पाळला. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आणखी एक झालं, ते माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. आमच्या घरातल्या अल्बमांत मी नाही. हे आहेत, लेक आहे, शेजारचं मांजर चार पानं आहे. लेकीने एकदा नागार्जुनसागरच्या सहलीचा अल्बम चाळताना विचारलं, "आई, तू होतीस ना आपल्याबरोबर?" होते तर. कॅमेऱ्यामागे होते. माझा फोटो काढणारं दुसरं कुणी घरात नव्हतं, कारण मीच ते ठेवलं नव्हतं.

तर, एक निवडायचा. मी आपली शास्त्राची बाई, मी परीक्षा घ्यायची ठरवली. सगळ्यांना सारखी फिल्म, सारखी वेळ, सारखा विषय. कृष्णधवल फिल्मचं लांब रीळ माझ्याकडे होतं. ते काळ्या पिशवीत घालायचं, बाह्यांतून हात आत सरकवायचे आणि चाचपडत कापून छोट्या डब्यांत गुंडाळायचं. लांबी मोजायला पिशवीत मी आधीच दोन फूटपट्ट्या जोडून ठेवते. तेवढी फिल्म म्हणजे दहा फोटो. हात काळोखात, आपण उजेडात. डोळे आपोआप मिटतात आणि बोटांना दिसायला लागतं. हे काम करताना मला नेहमी झोपेत चालल्यासारखं वाटतं आणि ते मला फार आवडतं.

विषय म्हणून हे. गच्चीवर वेताची खुर्ची, शेजारी तुळस, मागे दोरीवरचे कपडे, दुपारी चारचं ऊन. मी सहा कॅमेरे ट्रेमध्ये घेऊन वर आले. यांनी लांबूनच मोजले.

"सात आहेत ना?"

"सातवा मेलाय. तुम्हाला माहीत आहे."

"तरी घे," हे म्हणाले. "पंगतीला बसलेल्या एकालाच उठवायचं, हे बरं दिसत नाही."

मी काहीतरी पुटपुटले, पण खाली जाऊन तो चंदेरी कॅमेरा घेऊन आले. कापड सोडलं तर आत अजून कापराचा वास. बटण दाबून बघितलं, हलकीशी टिचकी वाजली. बावीस वर्षांनी तो जागा झाला आणि त्याची काहीच तक्रार नव्हती. त्यातही फिल्म भरली.

पाच दुपारी हे शहाण्या मुलासारखे खुर्चीत बसले. कधी पेपर, कधी चहा, कधी नुसतेच. रशियन कॅमेरा वरवंट्याएवढा जड, त्याने माझा हात भरून यायचा. एकात वरून खाली डोकवावं लागतं, त्यात हे उलट बाजूला सरकायचे आणि मी उगाचच त्यांना दटावायचे, इकडे व्हा, तिकडे नको. रिफ्लेक्स कॅमेरा, ज्यात थेट लेन्समधूनच बघतात तो, मात्र एकदम हुशार. त्याच्या शटरचा आवाज ऐकला तरी समजावं की फोटो चांगला आलाय. मनातून मी त्यालाच निवडून ठेवलं होतं. सातव्याची पाळी शेवटी आली. ऊन यांच्या मागून येत होतं. त्या कॅमेऱ्यात आपण बघतो ती खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, त्यामुळे लेन्सला काय दिसतंय ते बघणाऱ्याला कळत नाही. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. दहा फोटो भराभर उरकले आणि खाली आले.

रोल नेहमीप्रमाणे मीच बाथरूममध्ये धुतले. निगेटिव्हच्या पट्ट्या न्हाणीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. सामानाची बांधाबांध चालली होती, घराच्या भिंती रिकाम्या होत चालल्या होत्या. त्या ओल्या काळ्या पट्ट्या वाऱ्याने जराशा हलत होत्या आणि प्रत्येकीत आमचे हे इवलेसे, उलटे रंग ल्यालेले, पांढरे केस काळे झालेले, खुर्चीत बसून होते. मी बराच वेळ तिथे उभी होते. आंघोळीला यायचं म्हणून यांनी दोनदा हाक मारली.

प्रिंट काढायला सिकंदराबादला गेले. तिथल्या लॅबवाल्याने दुसऱ्या दिवशी पाकीट दिलं आणि मी दुकानातच बाकावर बसून ते उघडलं. रिफ्लेक्सचे फोटो अपेक्षेप्रमाणे पहिले आले. काय धार होती त्यांना. यांच्या कानातला केस न् केस दिसत होता, सदऱ्यावरचा आमटीचा डागसुद्धा. रशियन थोडा मऊ, पण प्रामाणिक. बाकीचे ठीक.

मग सातव्याचे काढले.

काय सांगू. तुळशीच्या कडेने उजेड सांडला होता. दोरीवरचे कपडे वितळून नुसती पांढरी हालचाल उरली होती. आणि त्यात हे बसलेले. ओळखू येत होते, अगदी पुरेपूर हेच होते, पण कडा कुठेच नव्हती. यांचा खांदा संपून ऊन कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. दिवाणावर पडल्या पडल्या माझा डोळा लागायला आलेला असतो, आणि हे गच्चीच्या दारातून आत येतात, मला झोप लागली समजून पाय न वाजवता, तेव्हा मला हे असे दिसतात. असे दिसतात हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. यांनाही नाही. आणि ते त्या कॅमेऱ्याला माहीत होतं.

माझे डोळे भरून आले. लॅबवाल्याला वाटलं प्रिंट बिघडले, तो बिचारा पुढे आला. त्याला म्हटलं, छान आहेत, खूप छान आहेत.

तिथून दोन गल्ल्या पलीकडे एक म्हातारा कॅमेरा-मिस्त्री बसतो. जिना चढून वर, अंधारी खोली, टेबलावर एकच दिवा. मला विचारायचं होतं की हे धुकं वाढत जाणार का. लेन्समध्ये बुरशी असली तर ती पसरत जाते आणि वर्षा-दोन वर्षांत काच निकामी होते. हा कॅमेरा ठेवायचा तर हे कळायला हवं होतं. रविवार तीन दिवसांवर आला होता.

त्याने भिंग डोळ्याला लावलं, लेन्स दिव्याखाली धरून हळूहळू फिरवली. "फंगस नै है अम्मा. अंदर एकदम साफ. जो है सो ऊपर की काच पे है."

"हां, मालूम है," मी म्हटलं. "उसपे कुंकू लगाये थे. पूजा में. उससे खराब हुई."

तो हसला. मान हलवत राहिला. "कुंकू का कसूर नै है. कुंकू तो पानी से धुल जाता. ये देखो." भिंग माझ्या हातात दिलं. "गोल गोल लकीरां दिखरे? सूखा रगड़े किसीने. जोर से. कपड़ा बी खरखरा था, जरी-विरी का."

मी भिंगातून बघितलं. काचेवर केसाहून बारीक रेघा होत्या, गोल, एकात एक, शेकडो. त्या रेघा काढणाऱ्या हाताला किती राग आला होता ते त्यांच्यात सरळ दिसत होतं. टिळा ओला होता तोवर त्याने काचेला काही केलं नव्हतं. पाण्याची एक धार सोडली असती तर तो वाहून गेला असता. कुंकवाची पूड मी जरीच्या पदराने काचेवर घासली होती. आणि मी कोण, तर तीस वर्षं पोरांना ओरडून सांगणारी बाई, की काच कधी कोरडी पुसायची नाही, आधी पाणी, मग कापड. माझ्या प्रयोगशाळेत एखाद्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

"बढ़ेगा नै," मिस्त्री म्हणाला. "जैसा है वैसाच रहेगा. काच बदलना है क्या?"

"नक्को," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडून आपणहून निघाला.

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. खिडकीबाहेर संध्याकाळ पडत होती, गच्च्यांवरच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे मागे मागे जात होते, आणि मला प्रत्येक गच्चीवर एक माणूस छत्री धरून स्टुलावर उभा दिसत होता.  बावीस वर्षं. त्या दिवसानंतर घरात काही पडलं, फुटलं, हरवलं की मी म्हणायचे, तुमचा हात लागला की झालंच. पाहुण्यांसमोर तो टिळ्याचा किस्सा रंगवून सांगायचे. लोक हसायचे, हेही हसायचे आणि चहाचे कप गोळा करून आत जायचे. माझ्या स्टेशनाच्या पुढे दोन स्टेशनं गेल्यावर मला कळलं की उतरायचं राहिलं.

घरी पोचले तेव्हा हे हॉलमध्ये खोक्यांच्या मधे बसून प्रत्येक खोक्यावर मोठ्या गोल अक्षरांत लिहीत होते. स्वयंपाकघर, डबे. स्वयंपाकघर, काच, सांभाळून. काचेचं कपाट तेवढं जसंच्या तसं, त्याच्या आसपास हातभर जागा मोकळी सोडलेली. मी चप्पल काढली, समोर बसले आणि सांगून टाकलं. मिस्त्री काय म्हणाला ते, रेघांचं, जरीचं. शेवटी म्हटलं, "तुम्ही नाही बिघडवला. मी बिघडवला."

यांनी पेनाला टोपण लावलं. "हौ," म्हणाले. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मी समोरच होतो की. तू पुसत होतीस तेव्हा करकर आवाज येत होता. शेडमध्ये आम्ही हेच काम करायचो, काय घासलं की कसला आवाज येतो ते कळतं."

 मग मला राग आला. इतकं होऊनसुद्धा आला, काय करू. "आणि बावीस वर्षं मला बोलू दिलंत? एकदा म्हणायचं होतंत ना, की बाई, तूच घासलास."

"आणि काय झालं असतं? माझा राग तू आठ दिवसांत विसरून जातेस. स्वतःचा आला असता तर तुला झोप नसती लागली." यांनी पेन खिशाला लावलं. "दादांची वस्तू होती ना."

 मी रडले, अगदी नाक वाहेपर्यंत रडले, त्या खोक्यांत बसून. हे पाठीवर हात ठेवून बसून राहिले. आत कुकरची शिट्टी झाली तेव्हा उठून गॅस बंद करून आले आणि पुन्हा बसले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी चंदेरी कॅमेऱ्यात फिल्म भरली आणि गच्चीवर जाऊन वेताच्या खुर्चीत स्वतः बसले. यांना हाक मारली. हे वर आले, मला खुर्चीत बघून थबकले. मी कॅमेरा पुढे केला.

"धरा."

यांनी दोन्ही हात मागे घेतले. मग नळापाशी गेले, साबण लावून हात धुतले, पंच्याने बोटं एकेक करून कोरडी केली. परत आले आणि तीर्थ घेतात तशी ओंजळ करून उभे राहिले.

"हात लावू का?" हे म्हणाले.

थट्टा नव्हती. खरंच विचारत होते. पासष्टीचा माणूस, ज्याने आख्खी इंजिनं उघडून जोडली, तो माझ्या घरात, स्वतःच्या घरात, हात लावू का विचारत होता. मी कॅमेरा त्या ओंजळीत ठेवला आणि मला वाटलं होतं तितकं ते देणं जड गेलं नाही. मग अर्थातच मी सूचना द्यायला सुरुवात केली. ती कडी फिरवा, नाही, दुसरी. खिडकीतून बघा. बोट पुढे येतंय तुमचं. अहो, श्वास धरा. मी बोलत असतानाच टिचकी वाजली.

रविवारी माझी विद्यार्थिनी आली. सहा कॅमेरे एकेक करून पोटाशी धरून गाडीत नेऊन ठेवले तिने. रिफ्लेक्स हातात आला तेव्हा ती अडली. "मॅडम, हा सगळ्यांत चांगला आहे. हा तुम्ही ठेवा ना. मला तो चंदेरी द्या, त्याची काच गेलीय."

"तो मला हवाय," मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं बहुतेक, कारण ती लगेच रिफ्लेक्स घेऊन गाडीकडे गेली.

आता आम्ही नवव्या मजल्यावर आहोत. इथे चारचं ऊन दुसऱ्या बाजूने येतं. कुठून येतं आणि कुठे जातं याची अजून माझी ओळख व्हायची आहे, दिवाण दोनदा हलवून झाला. भिंतीवर एकच फोटो लावलाय. मी वेताच्या खुर्चीत, भोवती सगळं धुकं, केसांना उजेड लागलेला, आणि तोंड सताड उघडं, कारण मी बोलत होते. लेक म्हणते, आई, यात तू कसली तरुण दिसतेस. मी तरुण दिसत नाही. यांना मी अशी दिसते, एवढंच आहे ते.

परवा खंडेनवमी झाली. आदल्या संध्याकाळी खाली अंगणात बायकांनी बतुकम्मा, म्हणजे इकडच्या सणाचे फुलांचे मनोरे, रचले होते, टाळ्या आणि गाणी लिफ्टच्या वाटेने वर येत होती. यांनी पाट मांडला, लाल कापड घातलं. हत्यारं आता फार उरली नाहीत. पक्कड, विळी, कात्री, लेकीचा लॅपटॉप. मी डबा उघडला आणि कॅमेरा स्वतः नेऊन मधोमध ठेवला. यांनी वाटीत कुंकू कालवलं, बोट बुडवलं आणि ते बोट तसंच वर धरून माझ्याकडे बघितलं.

"लावा," मी म्हटलं. "कपाळाला लावा. मी पाणी आणून ठेवलंय."

यांनी लेन्सवर नाही लावला. वर, जिथे बटण असतं तिथे, कातड्याच्या कडेला, तांदळाएवढा टिपका ठेवला. बोटावर कुंकू बरंच उरलं होतं. ते पुसायला फडकं शोधायचं सोडून हे माझ्याकडे वळले आणि माझ्या कपाळावर लावलं, बरोब्बर मधोमध, इंजिनाला लावतात तसं ठसठशीत. हात लावू का, असं विचारलं नाही.